लहान मूल घेऊन अंदमानला जाताय? तिकिटाआधी पंचांग बघा

अंदमानहून आल्यावर मी फोटो टाकले आणि तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "घरात चार-पाच वर्षांचं लेकरू आहे. त्याला पोहता येत नाही, स्कूबाचं तर नावच नको. मग एवढे पैसे घालून तिकडं जायचं ते काय वाळूत किल्ले करायला?" प्रश्न एकदम रास्त आहे, म्हणून या वेळचा एपिसोड त्यावरच केला. हे त्याचं लेखी रूप. बोलताना घाईत जे राहिलं ते इथं जरा सविस्तर घातलंय. हेडफोन घरी राहिला असेल तर बसमध्ये वाचून काढा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. जरूर जा. फक्त तारखा हॉटेलच्या डिस्काउंटवर ठरवू नका, ओहोटीवर ठरवा. लहान मुलाला समुद्रातले प्राणी सगळ्यात चांगले दिसतात ते घोट्याएवढ्या पाण्यात, पूर्ण ओहोटीला, उघड्या पडलेल्या खडकांत. त्याला ऑक्सिजनची नळकांडी लागत नाहीत आणि व्हिडिओचं पॅकेजही लागत नाही. लागतात ती तळ जाड असलेली बुटं आणि योग्य वेळ. बुटं कुठंही मिळतात, वेळ मात्र चंद्र ठरवतो.

आम्ही सहा जण होतो. आई, पप्पा, ताई, दाजी, त्यांची पाच वर्षांची चिऊ आणि मी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक केलंय, सागरी जीवशास्त्राशी माझा तसा काही संबंध नाही. आमचं घर जालन्याचं. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर लांब. पाणी म्हणजे आमच्याकडं नळाला कधी येतं त्याची चौकशी, नाहीतर टँकर. जास्तीत जास्त मोठं पाणी म्हणजे गणपती विसर्जनाचा मोती तलाव. दाजी तेवढे पोहणारे, तेही गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले. त्यामुळं या घराला समुद्राकाठी न्यायचं म्हणजे सगळ्यांचीच पहिली इयत्ता होती, एकट्या चिऊची नाही.

आता स्कूबाबद्दल पटकन. जगभर चालणाऱ्या पाडी या संस्थेच्या नियमात तलावात बुडी मारून बघायच्या कोर्सला किमान आठ वर्षं वय लागतं आणि समुद्रातल्या ज्युनियर कोर्सला दहा. त्याला कारण आहे. कानातला दाब स्वतः ओळखून, घाबरून न जाता तो मोकळा करणं पाच वर्षांच्या मुलाला जमत नाही. कुणी "अहो चालतंय, दोन मिनिटं नेऊन आणतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता मुख्य विषय. भरती-ओहोटी.

शाळेत आपण वाचलेलं असतं की चंद्र पाणी ओढतो. पण मग दिवसातून दोनदा भरती का? चंद्र तर एकच आहे. तर त्याचं असं आहे. चंद्राच्या बाजूचं पाणी चंद्राला जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं आणि तिकडं फुगवटा येतो. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूचं पाणी चंद्रापासून लांब, त्याच्यावरची ओढ पृथ्वीपेक्षाही कमी, म्हणून ते मागं राहतं आणि तिथंही फुगवटा येतो. दोन फुगवटे, दोन भरत्या. मधल्या दोन पट्ट्यांत ओहोटी. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी. आणि आपण एक गिरकी पूर्ण करेपर्यंत चंद्रही थोडा पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी पन्नासेक मिनिटं लागतात. म्हणून आज तीनला ओहोटी असेल तर उद्या चारच्या जवळपास. हे एवढं ध्यानात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं सूर्याचं. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि आपण एका रेषेत येतो, दोघांचा जोर एकत्र होतो आणि भरती खूप वर, ओहोटी खूप खाली जाते. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, एकमेकांचा जोर कापतात. त्याला भांग म्हणतात. भांगेच्या दिवसांत तुम्ही खडकावर गेलात तर ओहोटी असूनही पाणी पुरतं उतरत नाही. मग लोक परत येऊन सांगतात, "काही नव्हतं हो तिथं, नुसते दगड." दगड नव्हते, तिथी चुकली होती.

आपल्या कोळी लोकांकडं यासाठी एक भारी हिशेब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे नवाच्या सुमाराला ओहोटी. ना ॲप, ना रेंज. मला तर हा एका ओळीचा कोड फार आवडला. पण सावध, हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक किनाऱ्याला पाणी पोचायला आपापला उशीर असतो, त्यामुळं अंदमानला तोच गुणाकार लावला तर फसाल. तिथल्यासाठी भरतीचं वेळापत्रक वेगळं बघायचं. कुठल्याही टाइड ॲपवर पोर्ट ब्लेअर टाका (२०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण बऱ्याच ॲपमध्ये जुनंच नाव आहे) आणि आठ दिवसांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल तिथपर्यंत टाकली गेली. इंटरनेट आता बरंच बरं आहे, तरी किनाऱ्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

एक जाता जाता. ही वेळापत्रकं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून बनतायत. लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात कप्प्या आणि दांड्या जोडून भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं. चंद्राच्या, सूर्याच्या एकेका लाटेला एकेक कप्पी, सगळ्यांची बेरीज शेवटी एका पेनानं कागदावर उतरायची. १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी असं एक यंत्र तयार झालं. आज आपलं ॲप तीच बेरीज करतं, फक्त कप्प्या दिसत नाहीत.

तर मी घरी जाहीर केलं की आपण अमावस्या धरून जायचं. आई म्हणाली, "अमावस्येला प्रवास? लेकराला घेऊन? समुद्रावर?" मी चंद्र-सूर्य-पृथ्वी सगळं कागदावर काढून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुनवेला पण तेवढंच पाणी उतरतं ना? मग पुनवेला जाऊ." विषय संपला. विज्ञान दोघांचंही राहिलं. माघी पौर्णिमा मुक्कामाच्या मधोमध येईल अशी तिकिटं काढली. रेल्वेनं सिकंदराबाद, तिथून पुढं विमान. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, पाणीही स्वच्छ असतं, त्यामुळं आईचा निर्णय सगळ्या बाजूंनी बरोबर ठरला.

अजून एक गोष्ट तारखांसारखीच महत्त्वाची, घड्याळ. अंदमान आपल्यापासून पूर्वेला जवळपास १७ अंश रेखांशांवर आहे, पण घड्याळ तेच भारतीय. एका अंशाला चार मिनिटं धरा. म्हणजे जालन्यात सूर्य मावळतो त्याच्या तासभर आधी तिथं मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला दिवस संपतो. लेकरं सकाळी सहाला टुकटुकीत असतात आणि संध्याकाळी सातलाच पेंगतात. त्यांचं वेळापत्रक तिकडच्या सूर्यावर सोडून द्या, जेवण लवकर करा, भांडणं कमी होतात.

आम्ही ज्या जागेबद्दल मी इतकं बोलतोय ती शहीद द्वीपवर आहे. जुनं नाव नील. २०१८ च्या डिसेंबरात तीन बेटांची नावं बदलली, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. नीलच्या लक्ष्मणपूर किनाऱ्याला एक नैसर्गिक दगडी कमान आहे. सगळे तिचा फोटो काढायला जातात. फोटो काढून वीस मिनिटांत परत. आणि ज्याच्यावर उभं राहून फोटो काढतात त्या खडकांच्या खळग्यांत काय भरलंय ते बघतच नाहीत. पौर्णिमेला तिथं दुपारी तीनच्या पुढं पाणी खाली गेलं होतं. स्थानिक गाईड थोडे पैसे घेऊन सोबत येतात. घ्याच. त्यांचा डोळा तयार असतो, आपल्याला दगड दिसतो तिथं त्यांना खेकडा दिसतो.

पहिल्याच खळग्यात एक काळी, जाड, मऊ वस्तू पडलेली. चिऊ म्हणाली, "मामा, वांगं!" ते वांगं नव्हतं, समुद्रकाकडी होती. हा प्राणी आहे, ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या माशांचा, म्हणजे तारामाशांचा नातेवाईक. दिवसभर तोंडानं वाळू खातो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि स्वच्छ वाळू मागून सोडतो. समुद्राचा सफाई कामगारच. आणि तो श्वासही मागूनच घेतो, अगदी खरं सांगतोय. ही एवढी माहिती दिल्यावर पुढचा अर्धा तास चिऊ कशासाठी हसत होती ते तुम्ही ओळखलं असेल. लेकराला समुद्रशास्त्र शिकवायचं असेल तर शी-शूपासून सुरुवात करा, लक्ष हमखास लागतं.

मग आणखी एक. अंदमानची ती पांढरीशुभ्र वाळू आहे ना, तिच्यातला बराच भाग माशांची शी आहे. पोपटमासा म्हणून एक मासा असतो, त्याचे दात चोचीसारखे जोडलेले. तो प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, सोबत चुनखडीही खातो, पोटात दळतो आणि बारीक वाळू करून सोडतो. हे ऐकल्यावर दाजींनी हातातलं कणीस जरा लांब धरलं.

आता खडक. इथं थोडं थांबू, कारण सगळा खेळ यावर आहे.

चिऊनं एका गोल, खरबरीत, मेंदूसारख्या वळ्या असलेल्या दगडाकडं बोट केलं आणि विचारलं, "हा दगड आहे की प्राणी?" प्रश्न पाच वर्षांच्या मुलीचा, पण माणसांनी यावर शेकडो वर्षं वाद घातलाय. उत्तर, दोन्ही. वरचा पातळ थर जिवंत, खालचं सगळं दगड. तो थर म्हणजे हजारो छोटे छोटे प्राणी, एकमेकांना चिकटून बसलेले. एकेकाला पॉलिप म्हणतात. जेलीफिशच्या खानदानातले. प्रत्येक पॉलिप आपल्या बुडाशी चुनखडीची वाटी बांधतो आणि त्यात बसतो. ती वाटी भरली की वर दुसरी. अशा पिढ्यानपिढ्यांच्या वाट्या म्हणजे प्रवाळाचा खडक. आईच्या बोटातलं पोवळं आठवा. तेही प्रवाळच, पण ती लाल जात भूमध्य समुद्रातली, खडक बांधणारी नाही. आईनं अंगठी फिरवून फिरवून बघितली. "म्हणजे मी इतकी वर्षं प्राण्याचं हाड घालून बसले होते?" जवळजवळ तसंच.

पण या वाटीत बसणाऱ्याचं पोट भरतं कशानं? इथं खरी गंमत आहे. पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उन्हात अन्न बनवतं आणि त्यातलं बहुतेक घरमालकाला देतं. बदल्यात त्याला राहायला जागा आणि खत मिळतं. प्रवाळाचे जे रंग आपण बघतो ते बहुतांशी या भाडेकरूचे. म्हणूनच असे प्रवाळ उथळ, स्वच्छ पाण्यात असतात, ऊन पोचलं पाहिजे.

आणि हे किती हळू वाढतं? गोलाकार जाती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी. फांद्यांसारख्या जाती जरा भरभर. म्हणजे चिऊच्या उंचीचा गोल प्रवाळ बघितला तर तो शंभर वर्षांचा तरी धरा. तिच्या पणजीच्या जन्माआधीचा. त्याच्यावर एक माणूस बूट घालून फोटोसाठी उभा राहिला की वरचा जिवंत थर तिथं चिरडला जातो. म्हणून नियम एकच, वाळूवर पाय, नाहीतर मेलेल्या उघड्या खडकावर पाय. रंग दिसला की पाय मागं. चिऊला हा नियम "रंगावर पाय नाही" एवढ्याच शब्दांत सांगितला. तिनं तो आमच्यावर इतका कडक लावला की पप्पांना दोनदा ओरडा बसला.

पुढं गाईडनं एक मोठा प्रवाळ दाखवला, वरून पांढरा पडलेला. "हे आजारी आहे," म्हणाला. पाण्याचं तापमान त्या जागेच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आणि शेवाळाचं बिनसतं. शेवाळ बाहेर टाकलं जातं. रंग जातो, खालची पांढरी चुनखडी दिसायला लागते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणात झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जाहीर केलं की जगभर एकाच वेळी असं होण्याची ही चौथी खेप.

मी हे सगळं फोनवर वाचलेलं सांगत होतो. पप्पा बराच वेळ त्या पांढऱ्या प्रवाळाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या मोसंबीसारखं."

जालन्याबाहेरच्या मंडळींना सांगतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. आमचीही वाळली. झाड उभंच असतं, पण पानं झडतात, फांद्या करड्या पडतात. झाड अजून मेलेलं नसतं. त्या काळात टँकरनं का होईना पाणी मिळालं तर ते फुटतं. नाही मिळालं तर मग एक दिवस कुऱ्हाड. पप्पांनी तेव्हा निम्मी बाग टँकरवर जगवली आणि निम्मी तोडली. पांढऱ्या प्रवाळाचं हुबेहूब तेच. पांढरं म्हणजे मेलेलं नाही, उपाशी. पाणी लवकर गार झालं तर शेवाळ परत येतं, रंग भरतो. उशीर झाला तर त्यावर दुसरंच मातकट शेवाळ चढतं आणि मग ते नुसता दगड. मी चार लेख वाचूनही हे इतक्या नेमकं सांगू शकलो नसतो. फरक एवढाच की मोसंबी नव्यानं लावली तर पाच-सहा वर्षांत फळ धरते. आणि समुद्राला टँकर लावता येत नाही.

"मग ते बरं होईल का?" चिऊनं विचारलं. पप्पा म्हणाले, "झळ कमी झाली तर होईल." मला वाटतं याहून जास्त किंवा कमी सांगण्यात अर्थ नव्हता.

पाण्याच्या पातळीचा आणखी एक किस्सा ऐका. २००४ च्या डिसेंबरातला तो मोठा भूकंप आणि त्सुनामी आठवते? त्या धक्क्यात उत्तर अंदमानच्या बाजूची जमीन वर उचलली गेली आणि तिथले काही प्रवाळ कायमचेच पाण्याबाहेर आले. त्यांच्यासाठी ती न संपणारी ओहोटी झाली, ते तिथंच वाळले. उलट दक्षिणेला निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. आपण नकाशावर किनाऱ्याची रेघ बघतो तेव्हा ती किती कच्ची असते याचा अंदाज येत नाही.

बाकी त्या दुपारी काय काय दिसलं? खडकात रुतून बसलेला, निळ्या-हिरव्या ओठांचा मोठा शिंपला, ज्याला जायंट क्लॅम म्हणतात. सावली पडली की पटकन मिटतो. सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे. पाय तुटला तरी परत उगवणारे तारामासे. आणि चिऊचे सगळ्यात लाडके, शंखात राहणारे खेकडे. या खेकड्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधून त्यात राहतो. अंग वाढलं की घर लहान पडतं. मग मोठा शंख दिसला की कधी कधी खेकडे लहान-मोठे असे रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या घरात जातो, त्याच्या मागचा त्याच्या जुन्या घरात, असं करत करत सगळ्यांची बदली होते. पुण्यात फ्लॅट शोधलेल्या माणसाला हे बघून रडू येईल. ब्रोकर नाही, डिपॉझिट नाही.

आणि इथूनच शंखांचा विषय आला. चिऊला घरी नेऊन मैत्रिणीला द्यायला एक शंख हवा होता. मुठीत धरलेला, रिकामाच होता. ताईचं म्हणणं, "एक छोटासा तर आहे, घेऊ दे ना." माझं म्हणणं, नको. दोघांचं थोडं वाजलं. माझी बाजू सांगतो. कायद्याची बाब म्हणाल तर प्रवाळ, मेलेला असला तरी, आणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे आणि कित्येक शंख-शिंपले संरक्षित आहेत. विमानतळावर सामान तपासताना हे काढून घेतात आणि प्रकरण वाढूही शकतं. दुकानातून परवान्याचा शंख घेतला तर बिल जवळ ठेवा. पण मुलाला कायदा कळत नाही, घर कळतं. मी चिऊला एवढंच म्हटलं, "रांगेतल्या खेकड्यांना घर कमी पडलं तर?" तिनं विचार केला, शंख खळग्यात ठेवला आणि दर दोन मिनिटांनी कुणी राहायला आलं का ते बघायला जात राहिली. कुणी आलं नाही. ताई अजूनही म्हणते की एक शंख आणला असता तर काही बिघडलं नसतं. असो.

दुसऱ्या दिवशी भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट घेतली, आई-पप्पांसाठी. गुडघे दुखणाऱ्यांना हा पर्याय चांगला आहे. स्वराज द्वीपवर दाजींनी आणि मी स्नॉर्केलिंग केलं. विहिरीच्या पोहणाऱ्याला एक नवल वाटतं, समुद्रात माणूस जास्त तरंगतो. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, ते वर उचलतं. पण विहीर तुम्हाला ओढून नेत नाही, समुद्र नेतो. लाइफ जॅकेट काढायचं नाही म्हणजे नाही.

तिथं एका गाईडनं मासे जमवायला पाण्यात पाव टाकला. मासे आले, लोक खूश. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोललो. यातले बरेच मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात. पावाची सवय लागली की ते काम कोण करणार? तुमच्या बोटीवर असं झालं तर नम्रपणे नको म्हणा, दोन माणसं बोलली तरी थांबतात.

नेमोही दिसला, म्हणजे क्लाउनफिश. चिऊला दाजींनी व्हिडिओ काढून दाखवला. खरी माहिती अशी की एका सी ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या गटात सगळ्यात मोठी मादी असते, तीच मालकीण. ती मेली तर तिचा नर स्वतः मादी होतो. त्या हिशेबानं २००३ च्या सिनेमात नेमोची आई गेल्यावर बाबांचीच आई व्हायला हवी होती. ताई म्हणाली, एवढं खरं सांगायची गरज नाही.

काळजीच्या गोष्टी पटापट. जिवंत शंख, विशेषतः शंकूच्या आकाराचा, कधीही उचलू नका, त्यातल्या काही जातींचा दंश जिवावर बेततो. खळग्यात हात घालायचा नाही, फक्त बघायचं. बूट बंद हवेत, चप्पल नको. उन्हासाठी क्रीमपेक्षा लांब बाह्यांचा स्विम टी-शर्ट बरा. ऑक्सिबेन्झोन असलेली क्रीमं प्रवाळाला त्रासदायक म्हणून हवाईनं २०२१ पासून त्यांची विक्री बंद केलीय. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचनेच्या पाट्या आहेत, त्या वाचा आणि लाइफगार्डला विचारूनच पाण्यात उतरा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, मुलांना फुल पँट घाला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी खडकावर जा आणि वेळ झाली की किनाऱ्याकडं वळा. समुद्राकडं पाठ करून फोटो काढत बसू नका.

आता ज्यांना अंदमानचा खर्च झेपणारा नाही त्यांच्यासाठी, आणि खरं तर हेच मेसेज जास्त होते. प्रवाळ बघायला हजारो रुपयांचं विमान लागतंच असं नाही. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, तिथंही प्रवाळ आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे तिथं बोटीनं जाताना मुलाला बेट म्हणजे काय ते आपोआप कळतं. त्याहूनही जवळ म्हणजे मुंबई. हो, मुंबईतच. हाजी अलीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती काढून दुसरीकडं नेऊन बसवल्या होत्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांनाही पहिल्यांदाच कळलं की आपल्या शहरात प्रवाळ आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना घेऊन खडकांवर फिरतात. पाणी गढूळ असतं, वास येतो, अंदमानचा निळा रंग नाही. पण खळग्यात वाकून बघितलं की तेच शंखातले खेकडे, तीच सी ॲनिमोन.

जालन्याहून सकाळची वंदे भारत पकडली तर दुपारी मुंबईत. फक्त तिथी बघून निघा, आणि मुंबईला पाऊणचा गुणाकार चालतो. पौर्णिमेला किंवा अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाला. लेकरू घेऊन अंधारात खडकावर जायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला जा आणि पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा, सकाळी साडेसात-आठला पाणी खाली असतं आणि ऊनही कोवळं असतं. आम्ही पुढच्या पुनवेनंतर चिऊला घेऊन जाणार आहोत. तिनं सोबत न्यायच्या वस्तूंची यादी केलीय, त्यात पहिल्या नंबरवर "आजोबा" आहेत.

तुमच्याकडं भरती-ओहोटीचे असे जुने हिशेब असतील, विशेषतः कोकणातल्या श्रोत्यांकडं, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये लावतो. भेटू मग.